हवेचा हिशेब



कामगारांच्या सभेत पगाराचा हिशेब मांडणाऱ्या आम्हांला आज हवेचा हिशेब मांडण्याची आज्ञा झाली आहे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाने केले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

हवा पाण्यासारखी वाहते आणि थोडी चिकटतेही. विमानाच्या पंखाला अगदी लागून असलेला थर पंखाबरोबरच जातो. त्यापलीकडचे थर मागे घसरत राहतात. ही ओढाताण नाव्हिए यांनी १८२२ साली आणि स्टोक्स यांनी १८४५ साली समीकरणांत मांडली. पण पंखासारख्या आकारासाठी ती समीकरणे सरळ सुटत नाहीत. मग उपाय काय? पंखाभोवती जाळे कल्पायचे, प्रत्येक गाठीवर वेग व दाब यांचे आकडे धरायचे, शेजारच्या गाठींशी ताडून ते दुरुस्त करायचे, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करीत राहायचे.

ही मेहनत पूर्वी माणसे करीत. १९१० साली रिचर्डसन यांनी दगडी धरणातील ताण अशाच रीतीने काढले. आकडेमोड मुलांकडून अंगावर करून घेतली. दर काय? तीन अंकी संख्या असल्यास ६ बिंदूंना सुमारे १ पेनी. एक चलाख मुलगा आठवड्याला सरासरी २००० गणिते उरकी. चुकलेली मात्र धरली जात नसत. सदोष कापडाची मजुरी कापली जाताना आम्ही पाहिली आहे. म्हणून हे वाचताना आम्ही थबकलो. पुढे १९५३ साली जपानच्या कावागुची यांनी गोल दांड्याभोवतीचा प्रवाह हातयंत्रावर काढला. आठवड्याला २० तास, असे दीड वर्ष लागले!

आज ते काम संगणक क्षणात करतो. पण जाळे विरळ असेल तर तोही चुकतो. खळाळत्या प्रवाहातले बारीक भोवरे जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी अंदाजाची सूत्रे घालावी लागतात. म्हणूनच उत्तर वातबोगद्यातील प्रयोगाशी ताडतात.

छापील आकडा खरा असतोच असे नाही, हे आम्ही पगारपत्रकावरून शिकलो. कोणी संगणकाचा आकडा पुढे केला, तर एवढेच विचारावे: जाळे दुप्पट बारीक केल्यावर उत्तर हलले काय? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.