शिवणयंत्राचे फाजील लाड



शिवणयंत्राची निगा कशी राखावी हे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. निगा अतोनात राखल्यामुळे अडून बसलेले यंत्र पुन्हा मार्गावर कसे आणावे, हे सांगणारी मात्र विरळा. आज मी त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे. हा अधिकार मला एका चांगल्या यंत्राची दुर्दशा करून प्राप्त झाला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

गोष्ट १९९३ सालच्या मे महिन्यातली, बेळगावची. वडील निवर्तल्यानंतर आमचे घर आईच्या पायमशीनवर चालत असे. शाळा उघडण्याच्या तोंडावर गणवेशांचे काम येई. त्या पैशांतून आमची वह्यापुस्तके आणि पावसाळ्याची बेगमी होई. मी चौदा वर्षांची होते. आई दोन दिवस मावशीकडे गेली असता, ती परत येईपर्यंत यंत्र लख्ख करून ठेवावे अशी बुद्धी मला झाली. निघेल तेवढे मी खोलले, दिसेल त्या छिद्रात खोबरेल तेल ओतले, सैल वाटला तो प्रत्येक स्क्रू आवळला. यंत्र आरशासारखे चकाकू लागले.

आई आली, शिवायला बसली, आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे झाले. चाक जड झाले होते, पट्टा घसरत होता, दोरा घडोघडी तुटत होता. आठ दिवसांत वीस गणवेश द्यायचे होते. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. त्या रात्री दिव्याखाली ती हाताने शिवत बसली. तिचे ते न बोलणे मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी चाक एकदा फिरवले आणि हसून म्हणाले, “अक्का, मशीन बिघडलं न्हाई. लाड जास्त झाल्यात बघा.” मग मला शेजारी बसवून म्हणाले, “जिनं खोललं, तिनंच लावायचं.” त्या दुपारी मी जे शिकले, तेच आज सांगते.

प्रथम यंत्राचे मर्म ध्यानात घ्यावे. अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकापाशी होते आणि टाका दोन दोऱ्यांचा होता. आपल्या घरच्या यंत्रातही वरचा दोरा रिळाचा, खालचा बॉबिनचा; आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध पडली पाहिजे. एकाची ओढ वाढली की गाठ त्याच्या बाजूला सरकते. टाक्याच्या बहुतेक तक्रारी या ओढाताणीतूनच उद्भवतात.

म्हणून यंत्र अडले की आणखी एकही स्क्रू फिरवू नये. आधी सुई बदलावी. सुईला एका अंगाने लांब खोबण असते. त्या अंगाने दोरा ओवावा. सुई उलटी बसली असेल, तर बाकीचे सारे उपाय व्यर्थ होत. नंतर दाबाचे पाऊल वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवावा. पाऊल खाली असताना टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही आणि कापडाखाली झोल पडतो. पुष्कळ बिघाड एवढ्यावरच मिटतात.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेल तेल थंडीत थिजते, एरवी चिकटते, आणि कापडाचा बारीक तंतू त्यात मिसळून दात्यांखाली त्याची खळ होते. दात्यांवरची पट्टी काढून ती घाण ब्रशाने आणि कोरड्या फडक्याने काढावी. चाक तरीही जड असेल, तर दोरा काढून, पाऊल उचलून, तेलाच्या छिद्रांत रॉकेलचे दोनदोन थेंब सोडावेत आणि यंत्र थोडा वेळ रिकामे चालवावे. जवळपास दिवा किंवा शेगडी नसावी. रॉकेल न मिळाल्यास मशीनचेच तेल घालून तेच दोनतीनदा करावे. सुटलेला मळ पुसून घ्यावा आणि मग प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एकच थेंब घालावा. दिवसभर चालणाऱ्या यंत्राला हा थेंब रोज लागतो. क्वचित चालणाऱ्याला काम आरंभण्यापूर्वी पुरतो. पट्ट्यावर आणि टेन्शनच्या चकत्यांत मात्र तेल मुळीच नको. चकत्यांत ते गेले असेल, तर पाऊल उचलून त्यांच्यामधून सुती कापडाची पट्टी ओढून घ्यावी. पट्टा कोरड्या फडक्याने पुसावा.

तिसरी गोष्ट टेन्शनची. ते खोलले असता आतली बारीक पिन हरवते, आणि मग पाऊल उचलले तरी दोरा मोकळा होत नाही. आमची पिन केरात सापडली. ती शोधताना माझ्या डोळ्यांना पाणी आले होते.

चौथी गोष्ट बॉबिन केसची. तिच्या पट्टीवर सामान्यतः दोन स्क्रू असतात. कडेचा पट्टी धरून ठेवतो, मधला ओढ ठरवतो. बॉबिन भरलेली केस दोऱ्याच्या टोकाने हवेत लोंबती धरावी. ती आपल्याच वजनाने सरसर उतरली तर ओढ सैल आहे. हलका हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट आहे. हिसक्यासरशी थोडीशी उतरून थांबली म्हणजे ठीक. मधला स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. मी तो गच्च आवळला होता. वरचे टेन्शन कितीही आवळून किंवा सैल करून खालची ती चूक भरून निघाली नसती.

पाचवी गोष्ट चाकाची. बॉबिन भरताना चाकाच्या मध्यावरची जी चकरी आपण सैल करतो, तिच्या आत दोन छोटे कान असलेली एक चकती असते. ती फिरवून बसवली गेली, तर चकरी सैल करूनही सुई थांबत नाही, किंवा आवळूनही चाक नुसतेच फिरते. चकती काढून अर्धा फेरा फिरवून बसवली की काम झाले.

शेवटी वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा लावून चिंधीवर चार बोटे शिलाई मारावी. खालचा रंग वर दिसला तर वरची ओढ अधिक आहे. वरचा खाली दिसला तर कमी आहे. एका वेळी एकच फेरफार करावा आणि दर वेळी चिंधीवर पाहावे. काही खोलणे भागच पडले, तर निघेल तो भाग पांढऱ्या फडक्यावर क्रमाने ओळीत ठेवावा आणि उलट क्रमाने परत बसवावा. विजेच्या यंत्राची तार आधी काढून ठेवावी. हल्लीच्या काही यंत्रांना घरी तेल घालायचेच नसते. तेथे माहितीपुस्तिका सांगेल ते प्रमाण.

शाळेत शिकवताना मला नेहमी अशी मुले दिसतात, जी एक अक्षर खोडताना पान फाडतात. त्यांना मी रागावत नाही. मला ती दुपार आठवते. आम्ही गणवेश वेळेवर दिले. अखेरच्या दोघांचे काजे-बटण मी केले. पुढे आईने यंत्राला तेल घालण्याचे काम माझ्याकडेच सोपवले. कुपी हातात देताना एवढेच म्हणाली, “एकच थेंब हं.”