पक्का रंग

वाशीमच्या आमच्या मोहल्ल्यात नानांची रंगाची भट्टी होती. नाना म्हणजे आईचे वडील, धंद्याने रंगरेज. एकदा लग्नाच्या ओढणीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. नानांनी पैसे परत केले, ओढणी फुकट रंगवून दिली आणि मला म्हणाले, ''बेटा, रंग दिसला म्हणजे चढला असं नाही. त्यानं सुताला धरलं पाहिजे.''

परवा सौर विजेविषयी वाचताना नानांचे ते वाक्य पुन्हा भेटले. आपल्या छपरांवरची पॅनेल बहुतेक सिलिकॉनची. पण रंगापासूनही वीज होते. 1991 साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी तसा घट यशस्वी करून दाखवला.

त्यात टायटॅनियम डायॉक्साइडची भुकटी असते. तीच, जी भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात. पांढरी वस्तू दिसणारा प्रकाश परतवून लावते. म्हणून तिच्या अतिसूक्ष्म कणांवर रंगाचा पातळ थर चढवतात. रंगाचा रेणू ऊन पितो आणि एक इलेक्ट्रॉन भुकटीला देतो. तो तारेतून फिरतो, तीच आपली वीज. दुसऱ्या बाजूने तो घटातल्या द्रावात येतो आणि द्राव रंगाला त्याचा इलेक्ट्रॉन परत करतो. दिले, मिळाले, पुन्हा दिले.

मग आपल्या रंगपंचमीच्या पळसाने हे होणार नाही का? फळाफुलांच्या रंगांवर प्रयोग झाले आहेत. 2017 साली रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी चक्क जांभळाचा रंग वापरला. वीज निर्माण झाली, पण फारच थोडी. जांभळाचा रंग पाखरांना बोलावण्यासाठी. विजेचे काम त्याला कोणी सांगितलेले नाही. सुरुवातीच्या चांगल्या रंगांत रुथेनियम हा धातू होता, पण तो दुर्मीळ आणि महाग. म्हणून रसायनशास्त्रज्ञ कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन अशा साध्या मूलद्रव्यांतून या कामाचा रंग रचू लागले.

अशा रेणूचे तीन भाग असतात. एक टोक इलेक्ट्रॉन देणारे, मधे पूल आणि दुसरे टोक इलेक्ट्रॉन ओढून घेणारे. या दुसऱ्या टोकाला आम्लाचा गट असतो, तोच भुकटीला घट्ट धरतो. नाना हे काम तुरटीकडून करून घेत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जयराज नित्यानंदन यांच्या गटाने 'स्क्वारेन' जातीच्या रंगांवर काम केले आहे. हे रंग सूर्यप्रकाशातला तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भागही पकडतात. अडचण अशी, की त्यांचे रेणू चपटे. थाळीवर थाळी बसावी तसे एकमेकांना चिकटतात, आणि मिळालेली ऊर्जा बरीचशी आपसांतच संपते. या गटाने रेणूंना कार्बनच्या लांब साखळ्या बाहेरच्या अंगाला जोडल्या. त्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत किती अंतर राहावे, हे ठरवता येऊ लागले.

2022 साली स्वित्झर्लंडमध्ये दोन रंग एकत्र वापरून कार्यक्षमता 15 टक्क्यांवर गेली. सिलिकॉनची पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे आहेत. मात्र घरातल्या मंद उजेडात हेच रंगाचे घट 30 टक्क्यांच्या आसपास पोचले. म्हणजे भिंतीवरचे घड्याळ किंवा लहानसे यंत्र खोलीतल्या दिव्यावर चालू शकेल.

पण छपराची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घटातला द्राव उडतो, झिरपतो. रंगही विटू शकतो. सिलिकॉनचे पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. कर्ज काढून पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या दिवसाचा आकडा पुरत नाही, विसाव्या वर्षाचा लागतो.

म्हणून नव्या रंगाचे टक्के वाचले की मला आनंद होतो, आणि लगेच नानांच्या नातवासारखा प्रश्नही पडतो : हे टक्के किती धुण्यांनंतरचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)