एका जाजमावरच्या बाया

(विहाराच्या वर्धापनदिनी वस्तीतील शिक्षिकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'शिकलेल्या स्त्रियांचे संघटन आणि समाजसेवा' असा. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे, आणि मागे भोजनदानाच्या भाजीला फोडणी पडली आहे, तेव्हा मंडळींचे अर्धे लक्ष कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून फार लांबण लावत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगू. आमच्यात बालवाडीच्या बाई आहेत, महापालिकेच्या शाळेतल्या आहेत, खाजगी शाळेतल्या आहेत, घरी शिकवण्या घेणाऱ्या आहेत, आणि दोघी निवृत्त झालेल्या आहेत. आम्ही एकत्र आलो ते समाजसेवेसाठी नव्हे, भिशीसाठी. महिन्याला पैसे जमवायचे, चिठ्ठी काढायची, चहा प्यायचा आणि आपापल्या मुख्याध्यापकांची उणीदुणी काढायची, एवढाच कार्यक्रम होता. त्यात वाईट काही नव्हते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांशी बोलून घसा बसलेल्या बाईला आपल्या मनातले बोलायला जागा लागतेच. पण एकदा भिशीच्या दिवशी एकीने सांगितले की तिच्या वर्गातली मुलगी दहावीचा फॉर्म भरूनही परीक्षेला बसणार नाही, घरी धाकट्या भावंडांना बघायला कोणी नाही. चिठ्ठी त्या दिवशी निघाली, पण पुढचे बोलणे त्या मुलीवरच झाले. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

आता सावित्रीमाईंकडे येऊ. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्यांनी शाळा काढली, लोकांनी शेणाचे गोळे मारले, एवढे आपल्या तिसरीतल्या मुलालाही पाठ आहे. पण त्यांनी बायकांचे मंडळ काढले होते, हे किती जणांना माहीत आहे? पहिली शाळा १८४८ ची. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५२ साली, पुण्यात महिला सेवा मंडळ सुरू झाले. कलेक्टरांच्या पत्नी जोन्सबाई अध्यक्ष होत्या आणि काम सावित्रीमाई पाहत होत्या. त्या वर्षीच्या जानेवारीत मंडळाने तिळगूळ-समारंभ ठेवला. त्याच्या आमंत्रणातच लिहिले होते की बाई कोणत्याही जातीची असो, पक्षपात न करता सगळ्यांना एकाच जाजमावर बसवण्यात येईल.

बघा हं, १८५२ साली! ज्या पुण्यात महारामांगाची सावली पडली तर विटाळ मानत, त्या गावात छापून सांगायचे की जाजम एकच. हळदीकुंकू आपल्याकडे आता कोणी करीत नाही आणि ते बरेच आहे. पण सावित्रीमाईंनी त्या रूढ समारंभालाच आतून उलटे केले. बायका घराबाहेर पडायच्या त्या अशाच निमित्ताने, मग त्याच निमित्ताला त्यांना जवळ बसवायचे. भाषण देऊन जे झाले नसते ते एका जाजमाने केले.

दुसरी गोष्ट १८५६ ची. सावित्रीमाई आजारी पडून नायगावला माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना १० ऑक्टोबरला पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपण इकडे असल्यामुळे तिला किती त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. आम्हा मास्तरणींना हे वाक्य फार जवळचे वाटते. ज्या बाईने कधी रजा टाकली आहे तिला कळेल. आपण बिछान्यावर असतो आणि डोक्यात असते ते आपल्या वर्गाचे काय झाले हे. तिथे आपल्या जागी उभी राहणारी एक बाई असणे आणि ती मनापासून उभी राहणे, यालाच आम्ही संघटन म्हणतो. आपल्या धम्मात त्याला कल्याणमित्र असा शब्द आहे. नियम, घटना, पावतीपुस्तक हे सगळे मागाहून.

आणि सेवा म्हणाल तर दुष्काळात सावित्रीमाई जुन्नरकडे होत्या, सत्यशोधक समाजाचे मदतीचे काम करीत होत्या. २० एप्रिल १८७७ चे ओतूरहून लिहिलेले त्यांचे पत्र आहे. १८९७ च्या प्लेगात त्यांचे वय सहासष्ट होते. डॉक्टर मुलगा यशवंत याने हडपसरजवळ दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळल्यावर त्याला पाठीवर घेऊन त्या तिथवर आल्या. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या.

आता पुण्याहून नागपूरला जाऊ, कारण तिथली कथा आपल्या घरातली आहे आणि आपणच ती विसरलो आहोत. जाईबाई चौधरी हे नाव किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा. (चार-पाच हात वर झाले.) जाईबाई १८९२ साली उमरेडला जन्मल्या. दुष्काळाने कुटुंब नागपुरात आले. त्यांनी नागपूर स्टेशनावर हमाली केली. मिशनच्या ग्रेगरीबाईंनी त्यांना चार रुपये पगारावर शिक्षिका म्हणून घेतले. तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. जाईबाईंनी काय करावे? १९२२ साली नागपुरात मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली, संत चोखामेळा यांच्या नावाने. जिच्या हातून शिकायला लोक तयार नव्हते तिने शाळाच काढली!

पुढचा प्रसंग १९३७ चा. नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. शिकल्या-सवरल्या, मोठ्या घरच्या बायकांची परिषद. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवले गेले. स्त्रियांच्या हक्कांची परिषद आणि पंगत वेगळी! आपल्या बाया गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी नागपुरात सभा घेऊन निषेध केला. आणि २० जुलै १९४२ ला त्याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या होत्या. खुद्द बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे भाषण केले. ठराव पाहा: घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी, कामगार बायांना रजा, मुलींना वसतिगृह, कायदेमंडळात जागा. हिंदू कोड बिल संसदेत यायचे होते, त्याच्या आधी आपल्या आया-आज्यांनी हे मागितले होते. ही सगळी हकीकत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात गोळा केली आहे. १९८९ चे पुस्तक आहे. विहाराच्या कपाटात एक प्रत यावी अशी आमची मागणी आहे. झुंबर एखादे कमी लावा.

सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे, 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिणाऱ्या, त्याही शिक्षिकाच. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या, तरी दोन वर्षे नोकरी मिळेना. लग्नानंतर आडनाव बदलले आणि नोकरी मिळाली. बाई तीच, पदवी तीच, संस्कृतही तेच. दोघीही २०२३ साली गेल्या.

हे फक्त आपल्याकडेच असे नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये ॲनी वेब ब्लँटन नावाच्या बाई होत्या. १९१८ साली त्या राज्याच्या शिक्षणखात्याच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. एवढ्या मोठ्या पदावर बसूनही शिक्षकांच्या संस्थांमध्ये पुरुष बायांना मागच्या बाकावरच ठेवतात हे त्यांनी पाहिले. मग ११ मे १९२९ ला ऑस्टिन गावात त्या आणि आणखी अकरा जणी मिळून शिक्षिकांची सोसायटी काढली, डेल्टा कॅप्पा गॅमा. आज ती बऱ्याच देशांत आहे, मुलींना शिष्यवृत्त्या देते. बारा बाया होत्या. आमच्या भिशीत नऊ आहेत.

आता आपल्या दारात येऊ. आपला चौक म्हणजे भाईंदरचे शेवटचे टोक. उत्तन ओलांडले, पाली मागे टाकली की पुढे धारावीचा किल्ला, चिमाजी आप्पांचे स्मारक आणि खाडी. पलीकडे वसई, त्याच्याही मागे सोपारा, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. पाहुण्यांना हे सगळे दाखवायला छान. पण अकरावीला गेलेल्या मुलीसाठी हेच टोक लांब पडते. कॉलेज भाईंदरला, बस भरलेली, क्लास सुटेपर्यंत अंधार. मग आई म्हणते, राहू दे, दहावी झाली ना, पुरे. मुलगी हुशार नाही म्हणून शाळा सुटत नाही, बस वेळेवर नाही म्हणून सुटते. आम्ही या मुलींच्या जोड्या लावून दिल्या. एकीने एकटीने जायचे नाही, दोघी-तिघींनी एका बसने जायचे आणि एकाच बसने यायचे. साधी गोष्ट आहे, पण आयांचा जीव खाली बसला.

दुसरे काम कागदांचे. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, त्याला बँक खाते आधारशी जोडलेले हवे, आणि सगळ्याच्या मुळाशी जातीचा दाखला. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपली बरीच घरे कोकणातून, मराठवाड्यातून पोटासाठी इकडे आली. येताना भांडी आणली, पणजोबांचा शाळेचा कागद कोण आणणार? एका मुलीचे प्रकरण असेच अडले होते. एका कचेरीत तिच्या बापाला चार वेळा परत पाठवले, दर वेळी एक नवा कागद सांगितला. आमच्यातल्या एकीचे माहेर त्याच तालुक्यातले. ती दिवाळीच्या सुट्टीत गेली, गावच्या शाळेत बसून जुने जनरल रजिस्टर धुंडाळले आणि चुलत आजोबांच्या नावाचा निर्गम उतारा घेऊन आली. मुलगी आज नर्सिंगला आहे. बापाने पेढे आणले तेव्हा तो काही बोलू शकला नाही. पेढे मात्र दोन किलो होते.

आणि एकमेकींचे म्हणाल तर, आमच्यातल्या एकीला पगाराच्या कागदावर एका आकड्यावर सही करावी लागे आणि हातात दुसराच आकडा पडे. कुठल्या शाळेत ते सांगत नाही. ती एकटी असती तर रडून गप्प बसली असती. आम्ही तिच्यासोबत बसून अर्ज लिहिला, चार जणी बरोबर गेलो. पूर्ण पगार अजून मिळत नाही, पण सही आता खऱ्या आकड्यावर होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कोणाला राग येऊ नये. समाजसेवा म्हटली की ती शिकलेल्या बाईच्या गळ्यात पडते. तिने शाळा करावी, निवडणुकीची ड्युटी करावी, जनगणना करावी, घरी येऊन स्वयंपाक करावा, मग विहारात येऊन पोरांना शिकवावे आणि कार्यक्रमाला चहाही करावा. तिचा नवरा, भाऊ, दीर तेवढा वेळ नाक्यावर. हे चालायचे नाही. आम्ही शिकवू, सतरंज्या घालणे, दिवे बघणे, लहान पोरांना घरी पोचवणे हे आमच्या बंधूंनी अंगावर घ्यावे. दोघांनी सुरुवात केली आहे. त्यांची नावे सांगितली तर उद्या ते येणार नाहीत, म्हणून सांगत नाही!

शेवटचा आणि खरा मुद्दा. अभ्यासवर्ग गेले काही महिने विहाराच्या सभागृहात भरतो. आता समितीपुढे दोन प्रश्न आहेत, हे आमच्या कानावर आले आहे. पहिला, संध्याकाळी सभागृह भाड्याने दिले तर चार पैसे येतील. दुसरा, वर्गात कोळ्यांची, आगऱ्यांची, ख्रिस्ती घरांतली पोरेही येऊन बसतात, तर आपल्या वर्गणीचा दिवा त्यांच्यासाठी का जाळायचा.

पहिल्याचे उत्तर आम्ही पैशात देतो. भिशीतला एक हप्ता दर महिन्याला विजेच्या बिलासाठी समितीला देऊ. लग्नसराईत शनिवार-रविवार तुमचा, आम्हाला सोमवार ते शुक्रवार सहा ते आठ द्या, मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत. दुसऱ्याचे उत्तर आम्ही द्यायचे काय? ते १८५२ च्या आमंत्रणात लिहिलेले आहे. जाईबाईंना ज्यांनी वेगळ्या पंगतीत बसवले त्यांच्याकडेही काहीतरी कारण असणारच. आम्हाला ते कारण शोधायचे नाही. तीन कोळ्यांच्या मुली गणितात आमच्या पोरांच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यामुळे आमच्या पोरांचे पाढे सुधारले, हेही हिशेबात धरा. ज्या मावशी बाजारात मासे विकून त्यांना शिकवतात त्यांनी वर्गाला फळा दिला आहे. तो फळा परत करायची वेळ आमच्यावर आणू नका, एवढीच विनंती.

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. आमच्यातल्या दोघी येतील. कोणाला आपले मत सांगायचे असेल त्यांनीही यावे, बायांनी विशेष यावे. दाराशी एक वही ठेवली आहे, त्यात मुलांची नावे आणि इयत्ता लिहा. आठवी ते दहावीची जुनी पाठ्यपुस्तके असतील तर रद्दीत घालू नका, सोमवारी घेऊन या. कोणाची मुलगी बारावीला असेल आणि जातपडताळणी राहिली असेल तर तिने जेवण झाल्यावर आम्हाला भेटावे, आम्ही डावीकडच्या खिडकीपाशी बसलो आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!