रूळ गेले, वाट राहिली

(ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आगगाडी बंद झाली म्हणजे प्रथम स्थानकावरील चहावाला जातो. पाठोपाठ मालधक्क्यावरील हमाल, मग वाणी आणि शेवटी शाळेतील मुले जातात. न्यूझीलंड देशाच्या दक्षिण बेटावरील ओटॅगो प्रांतात १९९० साली नेमका हाच प्रसंग ओढवला. त्यातून तेथील खेड्यांनी काढलेली वाट हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ओटॅगोचा अंतर्भाग म्हणजे उंच, उघडे माळरान होय. उन्हाळा कडक आणि हिवाळा त्याहून कडक. रॅनफर्ली येथे १९०३ च्या जुलैत उणे २५.६ अंश तापमानाची नोंद झालेली आहे. १८६२ साली क्लाइडच्या परिसरात सोने सापडले आणि माणसांची रीघ लागली. पुढे सोने आटले, मेंढ्या व फळबागा राहिल्या. त्यांचा माल बंदरापर्यंत नेण्यासाठी १८७९ साली डनीडिन शहराजवळून रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. डोंगर फोडीत, दऱ्यांवर पूल बांधीत हे काम इतके संथ चालले की, सुमारे २३६ किलोमीटरचा मार्ग क्रॉमवेल गावी पोहोचेपर्यंत १९२१ साल उजाडले. म्हणजे बेचाळीस वर्षे! पायाभरणीस हजर असलेल्या मुलाचे केस पिकण्यास एवढा काळ पुरेसा आहे.

या मार्गाने सुखाबरोबर दुःखही पाहिले. ४ जून १९४३ रोजी हाइड गावाजवळ एका वळणावर भरधाव गाडी रुळांवरून घसरली आणि एकवीस प्रवासी प्राणास मुकले. त्यांचे दगडी स्मारक जवळच उभे आहे. पुढे मालमोटारींशी स्पर्धा सुरू झाली आणि रेल्वेचा निभाव लागेना. क्लाइड येथील मोठ्या धरणाचे सामान वाहून नेण्यासाठी म्हणून मार्ग काही वर्षे तगला. ते काम सरताच १९९० मध्ये तो बंद झाला. रूळ उखडले गेले, लाकडी स्लीपर विकले गेले.

उरली ती लांबच लांब जमिनीची पट्टी. तिचे करावयाचे काय? शेजारच्या शेतकऱ्यांना आपापल्या हद्दीतील तुकडा हवा होता आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नव्हते. परक्या माणसांनी कुंपणाची फाटके उघडी टाकली, मेंढ्या बिथरल्या, रान माजले, कचरा पडला, तर निस्तरावयाचे कोणी? शिवाय या वैराण माळावर सायकल चालविण्यासाठी कोण येणार, असेही पुष्कळांना वाटत होते.

अधिकारी मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे. रेल्वेची पट्टी ही शेताच्या तुकड्यासारखी नसते. मधला एखादा किलोमीटर विकला गेला की, उरलेल्या साऱ्या लांबीचे मोल जाते, आणि एकदा तुकडे पडले की ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते. तेथील शासनाच्या निसर्गसंरक्षण विभागाने १९९३ साली मिडलमार्च ते क्लाइड ही सुमारे १५२ किलोमीटरची पट्टी सलग आपल्या ताब्यात घेतली. पूल, बोगदे, भराव, मोऱ्या सर्व त्यात आले. पुढील यशाचे मूळ या एका निर्णयात आहे. पुढल्याच वर्षी स्थानिक लोकांचा न्यास स्थापन झाला. तो पैसा उभारीत गेला आणि विभाग काम करीत गेला.

काम दिसावयास सोपे, पण चिकाटीचे होते. रुळांखालची खडी फार जाड असते. तीवर सायकलचे चाक रुतते आणि हाडे खिळखिळी होतात. म्हणून तिच्यावर बारीक खडी व मुरूम यांचा थर पसरून दाबावा लागला. साठांहून अधिक पुलांवर फळ्यांची तक्तपोशी व दोन्ही बाजूंस कठडे बसवावे लागले, कारण रेल्वेच्या पुलावर माणसाने चालावे अशी मूळ योजनाच नसते. डांबर मात्र घातले नाही. मुरमाची वाट स्वस्त पडते, तिची डागडुजी सोपी असते, आणि पायी चालणारा व घोडेस्वार यांनाही ती मानवते. मोटारगाड्यांना तेथे प्रवेश नाही.

अशा वाटेचा खरा गुण रेल्वेच्या अभियंत्यांनी शंभर वर्षांपूर्वीच तिला देऊन ठेवला होता. वाफेच्या इंजिनास मोठा चढ झेपत नसे. म्हणून येथील चढ कोठेही पन्नासास एक याहून अधिक नाही. मार्गाचे सर्वोच्च स्थान समुद्रसपाटीपासून ६१८ मीटरवर असूनही, आपण केव्हा चढलो हे साधारण प्रकृतीच्या माणसास कळतही नाही. आजोबा व नातू ती एकत्र पार करू शकतात. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत. आत इतका काळोख असतो की हातात बॅटरी लागते. तेथून जवळच ३७ मीटर उंचीचा पूल दगडी खांबांवर उभा आहे.

वाट टप्प्याटप्प्याने खुली होत २००० साली पूर्ण झाली. प्रवेशास शुल्क नाही. उत्पन्न होते ते वाटेच्या दोहों बाजूंस. संपूर्ण अंतर कापण्यास सर्वसाधारण माणसास तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे त्याला रात्रीचा मुक्काम हवा, जेवण हवे, भाड्याची सायकल हवी, सामान पुढच्या गावी पोहोचते करणारा माणूस हवा. मोटारीतला प्रवासी ज्या गावाकडे ढुंकूनही पाहत नाही, तेथे सायकलस्वार थांबतोच, कारण त्याला तहान लागलेली असते! रॅनफर्ली, वेडरबर्न, ओमाकाऊ अशा गावांतून जुन्या घरांच्या पाहुणखोल्या झाल्या. ज्या शेतकऱ्यांनी प्रारंभी विरोध केला होता, त्यांच्यापैकीही काहींच्या दारांवर मुक्कामाच्या पाट्या लागल्या. हे पाहून २००९ साली न्यूझीलंड सरकारने देशभर अशा वाटांचे जाळे विणण्याचे काम हाती घेतले.

मराठी माणसास अरुंद रुळांची गाडी परकी नाही. गायकवाडांच्या राज्यात डभोईस १८६२ साली अशा रुळांवर बैलांनी डबे ओढले होते. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी २०२० साली थांबली. तथापि या मार्गांच्या जागी रुंद रूळ येत असल्यामुळे ओटॅगोचा कित्ता जसाच्या तसा गिरविता यावयाचा नाही. पण जेथे मार्ग सरळ करताना जुना भराव बाजूला पडतो, किंवा कालव्याकाठी देखरेखीची मुरमाची वाट असतेच, तेथे ग्रामपंचायतीने एकदा नकाशा उघडून पाहण्यास हरकत नाही. अनेक राज्यांत शाळकरी मुलींना शासनाकडून सायकल मिळते. ती सायकल त्या मुलीला मालमोटारींच्या रहदारीतून हाकावी लागते. शिक्षकांनी आपल्या शाळेतील मुली कोणत्या रस्त्याने येतात, याची एकदा यादी करावी आणि ती पंचायतीपुढे ठेवावी.

ओटॅगोच्या त्या वाटेवर ओटुरेहुआ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे अर्नेस्ट हेज यांनी १८९५ साली शेतीच्या अवजारांचा कारखाना घातला. कुंपणाची तार ताणण्याचे त्यांचे साधन पुढे प्रसिद्धीस आले. परंतु माल बनवून तो खपणार कसा? त्यांची पत्नी हॅना घरची मुलेबाळे सांभाळून सायकलवर बसे आणि दूरदूरच्या मेंढपाळांच्या वाड्यांवर जाऊन मागण्या नोंदवून आणी. त्या काळी तेथे ना धड रस्ता होता, ना रेल्वे पोहोचली होती. आज तो कारखाना वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे, आणि मुरमाच्या वाटेवरून येणारे सायकलस्वार आपली वाहने बाहेर टेकवून आत जाऊन तो पाहतात.