कुत्र्याच्या तोंडातून सुटलेलं मांजर

बहुतेक पाठलाग भिंतीवर नाहीतर झाडावर संपतात. मांजर वर, कुत्रा खाली भुंकतोय. पण मांजर सापडलंच, तर कुत्रा नुसता चावत नाही. पाठीला किंवा पोटाला धरून जोरजोरात हिसडे देतो. खरा घात या हिसड्यांनी होतो. बाहेरून सुळ्यांची दोन-चार बारीक भोकं दिसतात, तीही केसांत लपलेली. आत मात्र कातडी स्नायूंपासून सुटलेली असू शकते, बरगड्या मोडतात, फुफ्फुसाला इजा होते. कधी पोटाचे स्नायू फाटून आतडी कातडीखाली येतात.

म्हणून 'चालतंय की!' यावर विसंबू नका. दुखणं लपवण्यात मांजर पटाईत. तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या. एरवीही त्याच दिवशी दाखवाच, कारण लाळेतल्या जंतूंनी जखमेत पू धरतो.

झोंबी सोडवताना हात मध्ये घालू नका, बादलीभर पाणी ओता. मग मांजराला जाड टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवा. घाबरलेलं मांजर मालकालाही चावतं बरं का! चावलंच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. मांजराच्या लशीचंही पशुवैद्यांना विचारा, आधी दिलेली असली तरी.