गेम कुठे खोटं बोलतो, आणि का?

हेडफोन लावलेत ना? आज जरा फिजिक्स. पळू नका, बारावीचं नाही, गेममधलं.

गेमवर गप्पा सुरू झाल्या की ग्रुपमध्ये एक जण हमखास म्हणतो, "ग्राफिक्स भारी आहेत रे, पण फिजिक्स काही रिअल वाटत नाही." म्हणजे आपण धरूनच चालतो की रिअल असलं तर चांगलं, आणि नसलं तर डेव्हलपरने आळस केला. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच: हा गेम माझी कसली परीक्षा घेतोय? जे परीक्षेत आहे, तिथे नियम नीट पाळायचे. जे परीक्षेत नाही, तिथे बिनधास्त खोटं बोलायचं. चांगले गेम हेच करतात.

आधी आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये कधी ना कधी येऊन गेलेला गेम घेऊ. हिल क्लाइंब रेसिंग, २०१२ चा, फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा. ड्रायव्हरचं नावच न्यूटन बिल. गाडी हवेत असताना गॅस दाबला की तोंड वर जातं, ब्रेक दाबला की खाली येतं. हे बघून वाटतं, काहीही काय! पण ही आयडिया खरी आहे. हवेत चाक जोरात पुढे फिरायला लागलं की बॉडी उलट दिशेला फिरते. अँग्युलर मोमेंटम. मोटोक्रॉसवाले हवेत बाईक सरळ करायला अगदी हेच करतात. खोटं आहे ते प्रमाण. खऱ्या जीपची बॉडी जड, चाकं त्या मानाने हलकी, त्यामुळे ती जेमतेम हलेल. गेममध्ये पूर्ण पलटी मारता येते. गेमची परीक्षा बॅलन्सची आहे, म्हणून नियम खरा ठेवला आणि आकडा फुगवला.

आता उडी. ज्यांनी युनिटीमध्ये पहिला गेम करून बघितलाय, त्यांनी हे ऐका. युनिटी उघडलं की ग्रॅव्हिटी आधीच ९.८१ असते, पृथ्वीची. आपण कॅरेक्टर उडवतो आणि तो फुग्यासारखा तरंगत बसतो. मग वाटतं आपला कोड गंडलाय. कोड बरोबर असतो. माणूस अर्धा मीटर उडला तर साधारण ०.६४ सेकंद हवेत असतो. पण गेमचा हीरो उडतो पाच मीटर. खऱ्या ग्रॅव्हिटीत त्याला वर जाऊन खाली यायला दोन सेकंद लागतात. दोन सेकंद बटण दाबून नुसतं बघत बसायचं? कंटाळा येणारच.

मग काय करायचं? आधी ठरवायचं, उडी किती उंच हवी आणि किती वेळाची हवी. उंची गुणिले आठ, भागिले वेळेचा वर्ग. जे येईल ती तुमची ग्रॅव्हिटी. पाच मीटर, ०.८ सेकंद, उत्तर ६२.५. पृथ्वीच्या सहापटीहून जास्त! आणि खेळताना तेच बरोबर वाटतं.

यात उस्ताद गेम म्हणजे सेलेस्ट, २०१८ चा. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, आणि गेम भयंकर अवघड आहे. त्यांनी कॅरेक्टरच्या हालचालीचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, जरूर वाचा. त्यात एक गोष्ट सापडते: कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारता येते. म्हणजे पायाखाली जमीन नाही, तरी उडी! याला कोयोटी टाइम म्हणतात, रोड रनर कार्टूनमधल्या त्या कोयोटीवरून, जो दरीवर धावत जातो आणि खाली बघितल्यावरच पडतो. शिवाय उडताना डोकं छताच्या कोपऱ्याला थोडंसंच लागलं, तर गेम तुम्हाला गुपचूप काही पिक्सेल बाजूला सरकवतो.

हे चीटिंग आहे का? मला नाही वाटत. तुम्ही कडा बघितला, ठरवलं, बोट दाबलं. स्क्रीनला, मेंदूला, बोटाला, सगळ्यांना थोडा थोडा वेळ लागतो. तेवढ्यासाठी खाली पडलात तर तुम्ही म्हणणार, "अरे, मी दाबलं होतं!" आणि गेम डिलीट. सेलेस्टला तुमची हिंमत आणि टायमिंग बघायचंय, डोळ्याचा मिलिसेकंद नाही.

आता उलटी बाजू. कर्बल स्पेस प्रोग्रॅम, हा पीसी आणि कन्सोलवरचा गेम. रॉकेट बांधा, उडवा, बहुतेक वेळा फोडा. इथे परीक्षाच ऑर्बिटची आहे, म्हणून ऑर्बिटचे नियम खरे. पुढे असलेल्या यानाला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत यावं लागतं, कारण तिथे फेरी लवकर पूर्ण होते. डोकं गरगरतं, पण मजा त्यातच आहे. खोटं कुठे आहे? ग्रहात. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, ग्रॅव्हिटी मात्र पृथ्वीएवढी. असा ग्रह ऑस्मियमपेक्षाही अडीच पट घन असावा लागेल, म्हणजे अशक्यच. पण त्यामुळे कक्षेत जायला सेकंदाला ७.८ ऐवजी साधारण २.३ किलोमीटर वेग पुरतो, आणि एक फेरी दीड तासाऐवजी अर्ध्या तासात होते. वाट बघणं कापलं, विचार करणं ठेवलं.

शेवटी जरा सिरियस. ट्रॅफिक रायडर आपल्यातले कितीतरी जण खेळतात. तिथे १०० च्या वर गाडीला घासून ओव्हरटेक केलं की बोनस मिळतो. परीक्षा डेअरिंगची, म्हणून बाकीचं सगळं कापलंय. आपटलात तर परत स्टार्ट. गेम म्हणून ठीकच आहे, मीही खेळते. फक्त काय कापलंय ते माहीत असू द्या.

कोरडा रस्ता, चांगले टायर. ४० च्या स्पीडला ब्रेक लागल्यावर बाईक साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ८० ला ३६ मीटर. स्पीड दुप्पट, अंतर चौपट. त्यात ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतचा एक सेकंद धरा, म्हणजे ८० ला आणखी २२ मीटर. एकूण ५८. पावसात त्याहून जास्त. आणि इथे ०.१ सेकंदाची सवलत कोणी कोडमध्ये लिहून ठेवलेली नाही.

तर मंडळी, आजचा होमवर्क: तुमचा आवडता गेम उघडा आणि शोधा, तो कुठे खोटं बोलतो आणि कोणासाठी. सापडलं की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवते. भेटू लवकरच. आणि हेल्मेट घाला रे!