वेदनाशामके, चिंताशामके आणि शरीराचा समतोल



आज ज्या दोन प्रकारच्या औषधांविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्यांपैकी एकाचे मूळ खसखशीच्या बोंडातून पाझरणाऱ्या चिकात आहे, तर दुसऱ्याचा जन्म विसाव्या शतकातील रसायनशाळेत झाला. पहिला वर्ग अफूजन्य व अफूसदृश वेदनाशामकांचा. मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमॅडॉल, फेंटॅनिल ही त्यातील परिचित नावे होत. दुसरा वर्ग चिंताशामकांचा. डायझेपाम, लोराझेपाम, आल्प्राझोलाम ही नावे आपल्यापैकी अनेकांनी घरातील गोळ्यांच्या पाकिटांवर वाचली असतील. वैद्यक हा माझा व्यवसाय नव्हे. अशा विषयांवरील ग्रंथ मराठीत आणणे हे माझे काम आहे. त्या कामात 'व्यसन' या एका शब्दापाशी पुनःपुन्हा थांबावे लागते. का थांबावे लागते, हे समजण्यासाठी ही औषधे शरीरात काय करतात ते प्रथम पाहिले पाहिजे.

अफूचा उपयोग मनुष्य हजारो वर्षे करीत आला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत असत, याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. अफूतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे काढण्याचे श्रेय झेर्ट्यूर्नर या जर्मन औषधनिर्मात्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने ते शोधून काढले आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस याच्या नावावरून त्याला नाव दिले. तथापि हे द्रव्य मेंदूत नेमके कोठे जाऊन बसते, हे कळण्यास त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली. 1973 साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, मज्जापेशींच्या पृष्ठभागावर मॉर्फीनसारख्या द्रव्यांना बिलगून घेणाऱ्या विशिष्ट जागा असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे औषध त्यांत बसते.

येथे साहजिकच एक प्रश्न उभा राहिला. खसखशीच्या झाडासाठी निसर्गाने मनुष्याच्या मेंदूत कुलूप कशाला घडवावे? उत्तर 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे मिळाले. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून दोन द्रव्ये वेगळी केली. प्रत्येकात अवघी पाच ॲमिनो अम्ले होती आणि त्यांचे कार्य मॉर्फीनसारखेच होते. त्यांना एन्केफॅलिने असे नाव मिळाले. थोड्याच काळात एंडॉर्फिनही ओळखले गेले. म्हणजे कुलूप शरीराच्या स्वतःच्या किल्लीसाठीच होते; अफूचा चीक ही योगायोगाने जुळलेली परकी किल्ली. या शोधातून आणखी एक गोष्ट उघड झाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत एकच मोठा प्रथिन-रेणू तुटून त्यातून एकीकडे एंडॉर्फिन निर्माण होते, तर दुसरीकडे ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींना जागे करणारे हॉर्मोन. वेदनाशमन आणि अंतःस्राव यांचे नाते असे मुळातच आहे.

मॉर्फीन ग्राहीत बसले की मज्जापेशीच्या टोकाशी होणारा कॅल्शियमचा प्रवेश घटतो आणि पुढच्या पेशीला निरोप पोहोचविणारे रसायन कमी सुटते. जखमेकडून पाठीच्या कण्यातून वर जाणारा वेदनेचा निरोप वाटेतच क्षीण होतो. मेंदूत पोहोचलेल्या निरोपाचा जाचही कमी वाटतो. 'दुखते आहे, पण त्याचे काही वाटत नाही' असे रुग्ण सांगतो, ते यामुळेच. परंतु हेच ग्राही मेंदूच्या देठात, श्वासाची लय राखणाऱ्या पेशींवरही असतात. मात्रा वाढली की ती लय मंदावते आणि अखेर थांबते. अफूसदृश औषधांच्या अतिमात्रेत मृत्यू येतो तो बहुधा या वाटेने.

चिंताशामकांचा मार्ग वेगळा आहे. रसायनज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून या वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, 1960 साली बाजारात आले. 1963 साली डायझेपाम आले. त्यांचे ग्राही 1977 साली डेन्मार्क व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनी दाखविले. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. त्याचे काम आवर घालण्याचे. ते कार्य करू लागले की मज्जापेशीत क्लोराइडचे कण शिरतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. डायझेपाम गाबाची जागा घेत नाही. ते शेजारी बसून गाबाचा प्रभाव वाढविते, क्लोराइडचे दार अधिक वेळा उघडावयास लावते. त्यामुळे भीती ओसरते, स्नायू सैलावतात, झोप येते. पण त्याबरोबर स्मरणशक्ती मंदावते आणि वृद्ध माणसाचा तोलही जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शरीर समतोल राखू पाहते. बाहेरून रोज आवर घातला जाऊ लागला की शरीर आपला आवर सैल करते. ग्राहींची संवेदनशीलता घटते, काही ग्राही पेशीच्या आत ओढून घेतले जातात, आणि दबलेल्या पेशी आतून अधिक जोर लावू लागतात. म्हणून पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले, तर बाहेरचा दाब नाहीसा होतो, पण आतला जोर तसाच राहतो. अफूसदृश औषधे तोडल्यास घाम, अंगावर काटा, जुलाब, निद्रानाश आणि जिवाची तगमग सुरू होते. दीर्घकाळ घेतलेली चिंताशामके अचानक थांबविल्यास चिंता दुपटीने उसळते, झटके येऊ शकतात, आणि ते प्राणघातकही ठरू शकतात. काही आठवडे वा महिने रोज औषध घेणाऱ्या कोणाच्याही शरीरात हा बदल संभवतो. मग तो सत्शील असो वा दुराचारी.

हा बदल मेंदूपुरता राहत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो ठरावीक अंतराने ठोके दिल्याप्रमाणे एक हॉर्मोन सोडतो. ते पोष ग्रंथीला, आणि पोष ग्रंथी बीजांडांना व वृषणांना कामाला लावते. अफूसदृश औषधांनी हे ठोके विरळ होतात. पुरुषांत टेस्टोस्टेरोन घटते. कामेच्छा मावळते, स्नायू क्षीण होतात, विनाकारण थकवा व उदासी येते. स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. दीर्घकाळात हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉलही कमी होऊ शकते. ते फार घटले तर साध्या आजारातही रक्तदाब कोसळू शकतो. 2016 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या हॉर्मोनविषयक परिणामांचा उल्लेख अशा औषधांच्या माहितीपत्रकांत करावयास लावला. चिंताशामकांचा अंतःस्रावांवरील परिणाम त्यामानाने सौम्य असला, तरी तीही ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल निर्माण करणारी साखळी दाबून ठेवतात. औषध तुटताच ती साखळी उलट जोराने जागी होते.

हे परिणाम बोलून दाखविणे लोकांना संकोचाचे वाटते. पाठदुखीसाठी वर्षभर गोळ्या घेणारा गृहस्थ आपली मरगळ वयाच्या माथी मारतो. पाळी थांबलेली स्त्री ती गोष्ट औषधाशी जोडतच नाही. डॉक्टरांनी विचारले नाही आणि रुग्णाने सांगितले नाही, तर साध्या रक्ततपासणीत दिसणारा आणि औषध कमी केल्यास बहुतेक वेळा सुधारणारा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आता त्या शब्दाकडे येऊ. संस्कृतात 'व्यसन' याचा एक अर्थ 'संकट' असा आहे. मराठीत आपण तो जवळजवळ टाकून दिला आणि 'दुर्गुण' एवढाच अर्थ ठेवला. शरीराला औषधाची सवय होणे ही एक अवस्था. तिला 'अवलंबित्व' म्हणावे. हानी दिसत असूनही औषधाचा ध्यास न सुटणे, त्यासाठी घरदार, काम, नाती पणाला लागणे ही दुसरी अवस्था. तो मेंदूतील प्रेरणेच्या यंत्रणेचा आजार होय. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. आपण दोहोंना एकच शब्द लावतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ती किंमत दोन प्रकारची आहे. अफूचा चीक कायदेशीर परवान्याने काढणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे ही शेती चालते. तरीही 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फीन रुग्णालयांत दुर्मिळ झाले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण तळमळत मेले. केरळात कालिकत येथे 1993 साली सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीने तोंडावाटे द्यावयाचे मॉर्फीन घरोघरी सुरक्षितपणे देता येते हे दाखवून दिले. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी मोकळी झाली. परंतु 'व्यसन लागेल' म्हणून मरणोन्मुख पित्याचे औषध थांबविणारे पुत्र आजही भेटतात. त्या भयाने कोणाचे भले होत नाही.

किंमतीचा दुसरा प्रकार याच्या उलट आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 2 कोटी 26 लक्ष लोक अफू वा अफूसदृश पदार्थांचे सेवन करीत होते. त्यांतील अनेकांना उपचारांची गरज आहे. पण ज्याला समाज दुर्गुणी ठरवितो, तो दवाखान्याची पायरी चढण्यास कचरतो. काही दिवस सेवन थांबवून पुन्हा पूर्वीच्याच मात्रेकडे वळलेला माणूस दगावतो, कारण दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून काही गोष्टी आपण घरोघरी सांगाव्यात. ही दोन औषधे एकत्र, किंवा मद्यासह, डॉक्टरांच्या देखरेखीवाचून कधीही घेऊ नयेत. दोन्ही मिळून श्वास दाबतात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये. रोज घेतलेले औषध एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याआठवड्याने उतरवावे. थकवा, पाळीतील बदल, कामेच्छेचा अभाव यांविषयी स्पष्ट बोलावे. आणि ज्याच्या वेदनेला मॉर्फीनवाचून उतारा नाही, त्याला ते नाकारू नये. ज्याचे शरीर औषधावर अवलंबून आहे, त्याला आपण प्रथम वैद्याकडे न्यावे. त्याच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे.